सुंदरम्माचे नमुने

सुंदरम्मा मराठी शिकली ती बोटांनी. तोंडाला मराठी नंतर आली, आणि पुरती कधी आलीच नाही.

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, सीमेला चिकटलेल्या एका खेड्यात. घरात कानडी, शाळेत सातवीपर्यंत कानडी. लग्न होऊन सोलापूरला शेळगीत आली तेव्हा मराठी बाजारापुरती कळायची. नवरा कल्लप्पा मिलमध्ये कामाला. मिल आज बंद उद्या चालू असं करायला लागली तशी त्यानंच तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. "माझ्या नोकरीचा भरवसा न्हाय. तू कायतरी हातात धर," म्हणाला. तिनं मराठी टाइपरायटर हातात धरला. अर्थ न कळताच शब्द टाइप करायची आणि मग मास्तरांना विचारायची, "सर, 'सबब' म्हणजे काय? 'तहहयात' म्हणजे?" त्यामुळं तिची मराठी मोठी गमतीची झाली. बोलताना 'तो भाकरी' आणि 'ती रस्ता' म्हणायची, आणि त्याच दमात "सबब आज भाजी केली नाही" असंही सांगायची. कल्लप्पा हसून हसून बेजार व्हायचा.

परीक्षा पास झाल्यावर तिनं तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकलं. तिथं तेव्हा सात-आठ टायपिस्ट बसायचे, सगळे पुरुष. पहिलं वर्षभर तिच्याकडं कुणी फिरकलं नाही. मग बाया यायला लागल्या. नवऱ्यानं टाकलेल्या, रेशनकार्डावरून नाव उडालेल्या, पेन्शन अडकलेल्या. पुरुषासमोर जे सांगता येत नाही ते तिच्याजवळ सांगता यायचं. ती ऐकून घ्यायची आणि कचेरीच्या भाषेत नीट बसवायची. बोलण्यात चुकणारी बाई कागदावर चुकत नसे. दहा वर्षांत अशी वेळ आली की आतले कारकूनच माणसांना बाहेर पाठवायचे, "त्या अम्माकडून करून आणा, म्हणजे परत यायला लागणार नाही."

टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. लिंबाखालच्या टेबलांच्या पत्र्याच्या टपऱ्या झाल्या. सुंदरम्मानंही डेस्कटॉप घेतला आणि त्यात आपले नमुने साठवायला सुरुवात केली. नमुना म्हणजे तयार मसुदा. नाव, गाव, तारीख तेवढी भरायची. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नाव-बदलाचा, हरवलेल्या कागदाचा, वारसाचा. एकेक नमुना तिनं घासून घासून केलेला. आत काय अडतं, कुठल्या शब्दाला साहेब बोट लावतो, हे अनुभवानं कळेल तसं ती दुरुस्त करत गेली. वीस वर्षांत साडेतीनशेच्या वर नमुने झाले.

त्यातला वारसाच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना तिचा खास होता. वारस लिहायला माणसं यायची ती बहुतेक भाऊ-भाऊ यायची. बाप गेला, वारस आम्ही दोघं, लिहा. सुंदरम्मा बोटं उचलून विचारायची, "बहिणी किती?"

"आहेत दोघी. पण त्या दिल्या घरी."

"दिल्या घरी म्हणजे मेल्या काय? नाव सांगा."

काही जण रागावून उठून जायचे. बहुतेक जण नाव सांगायचे. आणि मग ती वारसांच्या यादीखाली स्वतःची एक ओळ टाकायची, जी दुसऱ्या कुठल्याही टायपिस्टच्या कागदात नव्हती: 'विवाहित मुलींचीही नावे वर लिहिली असून एकाही वारसास वगळलेले नाही.' ही ओळ तिनं स्वतः जुळवली होती. त्यासाठी तीन दिवस घेतले होते आणि शेजारच्या वकिलाकडून व्याकरण तपासून घेतलं होतं. तिच्या स्वतःच्या माहेरी बाप गेला तेव्हा तिचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

कॉम्प्युटर बिघडला की यायचा गुरु. हा गुरु हार्डवेअरचा कोर्स करून बाळीवेशीत नुकता दुकान टाकून बसला होता तेव्हापासूनचा तिच्या ओळखीचा. त्याच्या दुकानाच्या परवान्याचा अर्जसुद्धा तिनंच केलेला. पोराच्या हातात गुण होता. सुंदरम्मानं त्याला साऱ्या रांगेत फिरवलं. "ह्याच्याकडं द्या, हा पोरगा लबाड नाही," असं स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं. गुरु तिला अक्का म्हणायचा. संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी यायचा, कल्लप्पाच्या पाया पडायचा.

सोलापूरची धूळ आणि उन्हाळा, त्यात वर तापलेला पत्रा. मशीन वर्षातून दोन-तीनदा तरी रुसायचंच. बटण दाबलं की पंखा फिरे, सीपीयूच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागे, आणि पडदा मात्र काळा. गुरु यायचा, उकिडवा बसायचा, आणि हात चालवता चालवता बोलत राहायचा. "हे बघा अक्का, घाबरायचं न्हाय. पयल्यांदा मॉनिटरचा दिवा बघायचा. केशरी लुकलुकतोय म्हणजे मॉनिटर चांगला हाय, त्याला आतनं काय मिळंना झालंय. मग ही वायर दोन्हीकडनं काढून घट्ट बसवायची. तरी न्हाय आलं तर डबा उघडायचा." डबा उघडून तो आतली मेमरीची हिरवी पट्टी काढायचा, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासायचा आणि परत खाचेत दाबायचा. दोन्हीकडून कट्ट कट्ट आवाज यायचा. दहातल्या आठ वेळा एवढ्यावर पडदा उजळायचा. सुंदरम्मा शेजारी बॅटरी धरून बसलेली असायची आणि दर वेळी म्हणायची, "अय्यो, एवढंच?"

चार वर्षांमागं, एप्रिलात, पडदा असाच काळा झाला. शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी तोंडावर आलेली. गुरु आला. वायर बघितली, डबा उघडला, आणि त्या दिवशी काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "अक्का, दुकानात न्यावं लागंल."

दोन दिवसांनी त्यानं निरोप दिला. बोर्ड जळाला होता, सोबत हार्डडिस्कही गेली होती.

"म्हणजे माझे नमुने?"

"गेले अक्का. लई खटपट केली. पुण्याला पाठवून बघतो म्हटलं, पण त्यात बी काय हाती लागंल असं वाटंना."

सुंदरम्मानं नवं मशीन घेतलं, गुरूच्याच हातून. जुनं त्यानं भंगारात काढतो म्हणून नेलं, तिनं विचारलंही नाही. त्या उन्हाळ्यात ती सकाळी लवकर येऊन बसायची आणि आठवून आठवून नमुने परत टाइप करायची. पन्नासएक झाले. बाकीचे आठवेनात. बोटांना आठवत असेल म्हणून डोळे मिटून टाइप करून बघायची; दोन ओळी यायच्या आणि बोटं थांबायची. घरी जेवताना मध्येच हात थांबवून बसायची. कल्लप्पा कानडीत म्हणायचा, "माणूस मेल्यासारखं करतेस." ती म्हणायची, "वीस वर्षं मेली की."

दिवाळीच्या सुमाराला रस्त्यापलीकडं एक सेवा केंद्र उघडलं. काचेचं दार, आत गार हवा, तीन कॉम्प्युटर. चालवायला ऋतुराज नावाचा तिशीतला माणूस, करमाळ्याकडचा. भागीदार गुरु. उद्घाटनाला गुरु पेढे घेऊन सुंदरम्माकडं आला. "अक्का, आशीर्वाद द्या. तुमचं गिऱ्हाईक न्हाय तोडत, ते ऑनलाइनवालं वेगळंच काम हाय." तिनं आशीर्वाद दिला.

ऑनलाइनचं काम वेगळं होतं ते चार महिनेच. मग तिथं प्रतिज्ञापत्रंही निघायला लागली. पाच मिनिटांत कागद हातात. सुंदरम्माच्या टपरीसमोरची बाकडी रिकामी पडू लागली. तिला आश्चर्य एवढंच वाटायचं, की कालपरवा आलेल्या पोरांना कचेरीची भाषा इतकी लवकर कशी जमली. आतून एकही कागद परत येत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात नवं मशीनही काळं झालं. एक म्हातारा पेन्शनचा अर्ज घेऊन समोर बसलेला. तिनं गुरूला फोन लावला. "येलालोय अक्का, पाच मिनिटं," म्हणाला. तास गेला. परत लावला तर उचलला नाही. म्हातारा म्हणाला, "बाई, पलीकडनं करून घिऊ का?"

"बसा," सुंदरम्मा म्हणाली.

तिनं बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली. मॉनिटरचा दिवा केशरी लुकलुकत होता ते आधीच बघितलं होतं. मागची वायर काढून बसवली. नाही. शेजारच्या स्टॅम्पवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून आणला, डबा आडवा पाडला, झाकण काढलं. आत बोटभर धूळ. पदरानं पुसली. हिरवी पट्टी दोन्ही टोकांचे चाप दाबून बाहेर काढली. म्हाताऱ्यालाच म्हणाली, "त्या पेनाच्या डबीत खोडरबर आहे, द्या." दात घासले, पट्टी खाचेत धरून दोन अंगठ्यांनी दाबली. कट्ट. कट्ट. बटण दाबलं. पडदा उजळला आणि तिच्या सगळ्या फाईली होत्या तिथं दिसल्या.

म्हातारा खूश झाला. सुंदरम्मा मात्र पडद्याकडं बघत तशीच बसली. पडदा काळा झाला तरी आतलं आत असतं, हे तिनं गुरूच्या शेजारी बसून इतक्या वेळा पाहिलं होतं. आणि हार्डडिस्क गेली की पडदा काळा राहत नाही, त्यावर इंग्रजीत पांढरी अक्षरं येतात. स्टॅम्पवाल्याची गेली तेव्हा गुरूनंच तसं समजावून सांगितलं होतं. तिच्या मशीनवर त्या एप्रिलात एकही अक्षर आलं नव्हतं. मग डिस्क गेली कशी?

हा विचार तिनं कुणाला सांगितला नाही. कल्लप्पालाही नाही. दोन्ही गेलं असेल एकदम, असं स्वतःला सांगितलं. पोरगा लबाड नाही, हे शब्द तिचे स्वतःचे होते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मुक्ताबाई आली. पन्नाशीची बाई, उन्हानं रापलेली, हातात पिशवी. माहेर कुंभारीचं, सासर तिकडं जेऊरला. सकाळच्या गाडीनं आली होती. पिशवीतून एक घडी घातलेली झेरॉक्स काढली.

"बाई, हे जरा वाचून दावा. मला वाचता येतंय, पण ह्यातलं काय उमगंना. वडील वारलं माजं. भावांनी जमिनीला नावं लावायला दिलीत म्हंत्यात. तलाठ्याकडनं एका माणसानं कागदाची ही परत काढून दिली."

सुंदरम्मानं चष्मा लावला. पहिल्या ओळीला तिचे डोळे थांबले, दुसऱ्या ओळीला तिनं कागद उजेडाकडं धरला. शब्द तिचे होते. परिच्छेद कुठं तोडायचा तेही तिचं होतं. वारस म्हणून नावं तीन, मुक्ताबाईची आई आणि दोन भाऊ, थोरला मानसिंग आणि धाकटा. आणि त्याखाली ती ओळ: 'विवाहित मुलींचीही नावे वर लिहिली असून एकाही वारसास वगळलेले नाही.'

"तुमी किती भावंडं?" तिनं विचारलं.

"दोन भाव आन मी एक."

"तुमचं नाव ह्याच्यात नाही."

"मग हे 'मुलींची' म्हून काय लिवलंय? मला वाटलं मी हाय की त्यात." मुक्ताबाईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, भावांनी कायतरी चांगलं लिवलंय माज्यासाठी."

कागदाच्या तळाशी पलीकडच्या केंद्राचा शिक्का होता.

सुंदरम्मा उठली, मुक्ताबाईला तिथंच बसवलं आणि रस्ता ओलांडून गेली. काचेचं दार तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ढकललं. गुरु आतच होता. तिनं कागद त्याच्यापुढं धरला.

"हे कुणाचं आहे?"

गुरूनं बघितलं. त्याला कळलं, हे तिला दिसलं. तरी तो म्हणाला, "गिऱ्हाइकाचं असंल."

"माझी डिस्क गेली नव्हती."

ऋतुराजनं टायपिंग थांबवलं. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. गुरु उठून तिला दारापाशी घेऊन आला, हळू आवाजात बोलायला लागला. "अक्का, बसा की. चहा सांगतो. हे बघा, डिस्क खराबच होती. नंतर जरा चालू झाली, त्यातनं निघालं ते वापरलं. तुमाला सांगणारच होतो."

"मी सगळं उन्हाळा डोळे मिटून टाइप करत बसली होती. तू दोनदा येऊन बघून गेलास. चहा पिऊन गेलास."

"तुमी नवीन केलंच होतं की सगळं."

"आणि हे? हे वाचलास तू?" तिनं ओळीवर नख मारलं. "बहिणीला विचारलास? बहीण किती आहेत म्हणून विचारलास?"

आता गुरूचाही आवाज चढला. "ते आमचं काम न्हाय. गिऱ्हाईक नावं सांगतंय, आमी भरतो. खाली सही त्याची असती. आन अक्का, एक सांगू? त्या फाईलीत तुमचं असं होतंच काय? नाव दुसऱ्याचं, गाव दुसऱ्याचं, सही दुसऱ्याची. कागदावर टायपिस्टचं नाव कधी असतंय का?"

सुंदरम्मानं कागदाची घडी घातली. कानडीत सुचलं ते तिनं गिळलं. ती परत रस्ता ओलांडून आली.

शेजारच्या वकिलाला तिनं विचारलं. ओळीचं व्याकरण तपासून देणारा तोच. तो चांगला माणूस होता, पण म्हणाला, "अम्मा, मसुदा कुणाच्या मालकीचा नसतो. आणि डिस्क चालू होती हे सिद्ध कशानं करणार?" रांगेतल्या बाकीच्यांनी ऐकून घेतलं, च् च् केलं. पण सगळ्यांची मशीनं गुरूच दुरुस्त करायचा. स्टॅम्पवाला म्हणाला, "सोडा की अम्मा, पोरगं आहे. आपल्याला रोज त्याची गरज." त्याच दुपारी गुरु त्याच्या टपरीत प्रिंटर दुरुस्त करत बसला होता.

मुक्ताबाईचा हरकतीचा अर्ज सुंदरम्मानं त्याच दिवशी करून दिला होता. सगळं आयुष्य पणाला लावल्यासारखा तो तिनं केला. दोनदा वाचून दाखवला, कुठं द्यायचा, पोच कशी घ्यायची, तारखेला काय बोलायचं, सगळं सांगितलं. मुक्ताबाई दोन तारखांना आली. जेऊरहून डब्यात शेंगाची पोळी आणली, सुंदरम्माशेजारी बसून खाल्ली. म्हणाली, "तुमच्यावाणी बहीण असती तर." सुंदरम्माला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून सरळ होईल.

तिसऱ्या तारखेला मुक्ताबाई आली ती जीपमधून उतरली. सोबत दोन्ही भाऊ. ती सुंदरम्माच्या टपरीकडं आली नाही. मान खाली घालून भावांच्या मागं रस्ता ओलांडून काचेच्या दारातून आत गेली. अर्ध्या तासानं सगळी बाहेर आली. कागद मानसिंगच्या हातात होते. तिघंही कचेरीत शिरली, आणि दुपारी बाहेर आली तेव्हा भाऊ चहा प्यायला थांबले आणि मुक्ताबाई एकटीच सुंदरम्माकडं आली.

"बाई," ती म्हणाली, "हरकत काडून घेतली. वाटा नको म्हून लिवून देणार हाय."

सुंदरम्मानं चष्मा काढून ठेवला.

"माहेर तुटलं असतं वो. आई हाय अजून माजी तितं. म्हातारी म्हणली, मी मेल्यावर तुला दारात कोण उभं करंल? थोरल्यानं साडी घेतली." तिनं पदर जरासा पुढं केला. मोरपंखी रंगाची, काठाची साडी होती. "तुमी लई केलं माज्यासाठी. तुमास्नी राग न्हाय ना आला?"

एरवी तिनं मुक्ताबाईचा हात धरला असता. इतकी वर्षं सुंदरम्मानं अशाच बायांचे हात धरले होते. असं लिहून देणाऱ्या पन्नास बाया तिनं पाहिल्या होत्या आणि एकीलाही नाव ठेवलं नव्हतं. आज मात्र तिच्या तोंडून निघालं, "साडी चांगली आहे. तुझ्यासारख्यांच्यामुळंच भावांचं फावतं. जा, तुझी जीप उभी आहे."

मुक्ताबाईचा चेहरा पडला. पिशवी छातीशी धरून ती गेली. जीप सुरू झाली, वळली, गर्दीत दिसेनाशी झाली. सुंदरम्मानं उठून तिला हाक मारावी असं एकदा मनात आणलं, पण ती उठली नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर कल्लप्पानं विचारलं, "त्या जेऊरच्या बाईचं काय झालं?"

"मिटलं," सुंदरम्मा कानडीत म्हणाली, आणि परातीत पीठ काढून घेतलं.

अजून ती दहा ते पाच तिथंच बसते. मशीन काळं झालं तर स्वतः उघडते. गुरूला फोन करत नाही. तो समोरून जाताना अजून "अक्का" म्हणून मान हलवतो. जुनी माणसं येतात, पूर्वीसारखं काही सांगत बसतात. ती अर्ध्यातच थांबवते आणि म्हणते, "नाव सांगा, गाव सांगा."